एकाच चिठ्ठीवरच्या दोन ओळी

आरोग्य योजनेत आणि आरोग्यविम्यात काय बसतं, काय बसत नाही, हे ठरवणाऱ्या समितीच्या सर्व सदस्यांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या औषधांच्या बिलाचा अर्ज परत आला. तो अख्खा नामंजूर झाला असता, तर कदाचित मी गप्प बसले असते. तो अर्धा मंजूर झाला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. डॉक्टरांची चिठ्ठी एकच, अक्षर एकच, तारीख एकच. वरच्या ओळीत स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल होत्या, त्या मंजूर झाल्या. खालच्या ओळीत अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचं खास मिश्रण आणि जास्त उष्मांकाची पावडर होती. त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ, आणि समासात तीन शब्द : ‘अन्नपूरक, समाविष्ट नाही.’

त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत राहिले. कॅप्सूल तुम्ही कशासाठी मंजूर केल्यात? अन्न पचावं म्हणून. मग तिनं काय खायचं, किती खायचं, अंगी न लागणारी जीवनसत्त्वं वेगळी कशी द्यायची, हे त्याच डॉक्टरांनी त्याच कागदावर मोजून लिहिलं, ते उपचारातून बाहेर कसं पडलं?

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हा जनुकांमधला जन्मजात दोष. त्यामुळे शरीरातले स्राव पातळ राहत नाहीत, चिकट आणि घट्ट होतात. फुप्फुसांत हा चिकटा साठतो, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पोटाचं तितकंसं माहीत नसतं. स्वादुपिंडातून आतड्यात जाणाऱ्या नळ्या याच चिकट्यानं बुजतात आणि अन्न, विशेषतः चरबी पचवणारी एन्झाइम आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. या आजाराच्या दहातल्या आठ-नऊ मुलांचं असं होतं. मूल खातं, पोटभर खातं, आणि खाल्लेलं अंगी न लागता बाहेर पडतं. १९३८ साली डोरोथी अँडरसन यांनी हा आजार वेगळा ओळखला, तेव्हा त्याला नावच स्वादुपिंडावरून दिलं होतं. त्यांच्यासमोर आलेली मुलं कुपोषणानं खंगलेली होती. म्हणजे हा आजार पहिल्यांदा वैद्यकशास्त्राच्या नजरेत आला तोच उपासमारीच्या रूपात.

चरबी पचत नाही, म्हणून चरबीत विरघळणारी चार जीवनसत्त्वंही शोषली जात नाहीत. यादीत ही नुसती चार अक्षरं दिसतात. आमच्या घरात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. अ कमी पडलं, तर संधिप्रकाशात दिसेनासं होतं. ड कमी पडलं, तर हाडं ठिसूळ होतात. ई कमी पडत राहिलं, तर नसांवर परिणाम होतो, चालताना तोल जातो. के नसेल, तर रक्त गोठायला वेळ लागतो. ही सगळी नुकसानं हळूहळू होतात, आणि काही तर पुन्हा भरून येत नाहीत. तुमच्याकडून पत्र आलं, की ‘बाजारात साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात, त्या चालतील.’ नाही चालत हो. निरोगी मुलांसाठीच्या गोळ्यांत या चारांचं प्रमाण आमच्या मुलांना पुरेल एवढं नसतं, आणि के तर पुष्कळदा फारच कमी असतं किंवा नसतंच. शिवाय चरबी न पचणाऱ्या आतड्यातही शोषली जातील अशा रीतीनं ती तयार केलेली असावी लागतात. दर वर्षी रक्त तपासून मात्रा बदलावी लागते. रक्त तपासून मात्रा बदलायची त्या गोष्टीला तुम्ही काय म्हणता मला माहीत नाही. मी औषध म्हणते.

दुसरी गोष्ट उष्मांकाची. वारंवार होणारा छातीचा संसर्ग, श्वास घेण्यासाठी करावी लागणारी मेहनत आणि न पचलेली चरबी हे सगळं भरून काढायला या मुलांना त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांच्या साधारण १२० ते १५० टक्के ऊर्जा लागते. तुमच्या कार्यालयात एका अधिकाऱ्यांनी मला अगदी मनापासून, समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘ताई, घरचं सकस जेवण द्या, पावडरी कशाला?’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ९ वर्षांच्या मुलीचं पोट ९ वर्षांच्या मुलीएवढंच असतं. त्यात दीडपट जेवण मावत नाही. त्यातून ती खोकते, कफ पोटात जातो, मळमळतं, भूक मरते. घरचं जेवण आम्ही देतोच, त्यात वरून तेल-तूपही घालतो. त्या पोटात मावेल एवढ्याच घोटात जास्त ताकद कशी बसवायची, हा आमचा प्रश्न आहे, आणि त्या पावडरीचं काम तेवढंच आहे.

याचा आयुष्याशी किती संबंध आहे, हे मला एका जुन्या तुलनेवरून कळलं. तीही डॉक्टरांनीच सांगितली. १९७०च्या दशकात कॅनडातल्या टोरांटोमधले डॉक्टर या मुलांना भरपूर एन्झाइम देऊन चरबीयुक्त जेवण मोकळेपणानं खाऊ देत होते. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चरबी कमी ठेवत. १९८८ साली दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे फुप्फुसांची क्षमता साधारण सारखीच होती. पण निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगत होते, ते वय बॉस्टनमध्ये २१ होतं आणि टोरांटोमध्ये ३०. टोरांटोतली मुलं उंचीलाही जास्त होती. ही दोन ठिकाणांची तुलना होती, ठरवून केलेला प्रयोग नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यानंतर जगभरात कमी चरबीचा आहार मागे पडला आणि पोषण हा या आजाराच्या उपचाराचा खांब मानला जाऊ लागला. नऊ वर्षं! माझ्या मुलीचं आजवरचं सगळं आयुष्य तेवढंच आहे.

आता जनुकदोषावरच काम करणारी नवी औषधंही निघाली आहेत. ज्यांना ती लागू पडतात आणि मिळतात, त्या मुलांचं वजनही सुधारतं. पण ती प्रत्येक जनुकदोषावर चालत नाहीत आणि प्रत्येक घरापर्यंत पोचत नाहीत. आमच्यापर्यंत ती पोचलेली नाहीत.

समितीच्या टेबलावर जे येत नाही, ते आता सांगते, कारण ते कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं.

पावडरीचा डबा संपत आला आणि महिना संपायला आठ-दहा दिवस असले, की चमचा आपोआप सपाट होतो. पहिल्यांदा चमच्यावरचा उंचवटा जातो, मग एक चमचा कमी होतो, मग पाणी वाढतं. ग्लास तेवढाच भरलेला दिसतो. मुलीला फरक कळत नाही असं मला वाटायचं. एक दिवस ती म्हणाली, ‘आई, आज पातळवाला आहे का?’ त्या दिवसापासून ती नजरेला नजर देत नाही, तो ग्लास मुकाट्यानं पिते. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत आम्ही ‘एक दिवसाआड’ करतो. डॉक्टरांना सांगत नाही. मी हे इथे उघड लिहिते आहे, कारण दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या किती आयांनी माझ्या कानात हेच सांगितलं आहे. सगळ्या जणी हेच करतात आणि कुणी बोलत नाही. मग तपासणीत वजन घटलेलं निघतं. डॉक्टर विचारतात, सगळं नीट चालू आहे ना? आपण मान हलवतो. डॉक्टरांना वाटतं, एवढं देऊनही वजन वाढत नाही म्हणजे आजार बळावला. मग जादा तपासण्या, औषधांत बदल, कधी दवाखान्यात भरती. पैसे नाहीत असं डॉक्टरांसमोर म्हणायची लाज वाटते म्हणून खोटं बोललेली आई आणि त्या खोट्यावर ठरलेला उपचार, याची नोंद तुमच्या कुठल्या रकान्यात होत असेल?

धाकटा मुलगा ५ वर्षांचा आहे. त्याला आजार नाही. ताईच्या ग्लासाकडे तो बघत असतो, आणि ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं मला रोज सांगावं लागतं. त्याच्या चपला, त्याची सहल, त्याची चित्रकलेची शिकवणी, सगळं त्या डब्यात जातं. एका मुलाचं दुसऱ्याला देतो आहोत हे आम्हा दोघांनाही कळतं. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी वजन फारच घसरलं तेव्हा मुलीला भरती करावं लागलं. नाकातून नळी घालून तिला आहार दिला. तेव्हा मी पाकीट वाचलं. ज्या पावडरीवर तुम्ही लाल रेघ मारता, त्याच प्रकारची ती पावडर होती. त्या मुक्कामाचं सगळं बिल, पावडरीसकट, योजनेनं भरलं. एका शब्दाचीही विचारणा झाली नाही. पावडर तीच, मूल तेच. खाटेवर असताना तो उपचार होता. घरी स्वयंपाकघरात आला आणि अन्न झाला. खाटेचा एका दिवसाचा खर्च घरच्या कितीतरी दिवसांच्या डब्यांना पुरला असता, आणि माझ्या मुलीच्या नाकातून नळीही घालावी लागली नसती. नळी घालताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नखांच्या खुणा चार दिवस होत्या.

मी एकाच आजाराबद्दल बोलते आहे असं समजू नका. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे शेजारी शेजारी बसतो. क्रोन्स या आतड्याच्या आजारात मुलांना सहा ते आठ आठवडे दुसरं काही न देता फक्त द्रव पोषक आहार देतात. त्यानं आतड्याची सूज उतरते, आणि एरवी द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडमुळे खुंटणारी वाढही वाचते. युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी हा पहिला उपचार म्हणून सांगितला आहे. त्या मुलाच्या आईला स्टेरॉइड फुकट मिळतं, आहाराचे पैसे मात्र तिनं भरायचे. बिचारीनं काय निवडावं? पित्तनलिका बुजलेल्या बाळांना मध्यम लांबीच्या साखळीची चरबी लागते, कारण ती पित्ताशिवाय शोषली जाते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या मुलांना पोटॅशियम आणि फॉस्फेट कमी असलेला आहार लागतो. यातलं एकही हौसेचं नाही.

फेनिलकेटोन्युरियाची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण ती तुमच्याशी फार जवळून जोडलेली आहे. या आजारात प्रथिनांतलं फेनिलअ‍ॅलॅनिन शरीराला हाताळता येत नाही, ते साठतं आणि मेंदूला इजा करतं. १९५१ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एका लहान मुलीला हा आजार असल्याचं निदान झालं. तिच्या आईला सांगितलं गेलं, की उपचार नाही. ती बाई रोज सकाळी डॉक्टर हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहायची, माझ्या मुलीसाठी काहीतरी करा म्हणायची. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेलं एक मिश्रण तयार केलं. काही महिन्यांत ती मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली. १९५३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हा आजार ओळखता येऊ लागला, आणि ते मिश्रण वेळेवर सुरू झालं तर मूल इतर मुलांसारखं वाढतं हे पक्कं झालं. शस्त्रक्रिया नाही, गोळी नाही. तेव्हा औषध होतं ते एवढंच.

आणि मग त्याच्या नावाचं काय झालं बघा. लोफेनालॅक हा अशा मुलांसाठीचा आहार अमेरिकेत आधी औषध म्हणूनच गणला जात होता. १९७२ साली तिथल्या नियामक संस्थेनं त्याला औषधांतून काढून ‘विशेष आहारोपयोगी अन्न’ या वर्गात टाकलं. हेतू चांगला होता : नियम सैल झाले, तर असे आणखी पदार्थ तयार होतील आणि सहज मिळतील. मिळू लागलेही. पण अन्न म्हटल्यावर विमा कंपन्यांना नाही म्हणायला जागा झाली. मग एकेका राज्याला वेगवेगळे कायदे करावे लागले, आणि आजही तिथे सगळीकडे सारखी सोय नाही. त्या पावडरीत काहीच बदललं नव्हतं. वर्ग तेवढा बदलला होता.

म्हणजे वर्ग माणसं ठरवतात, आणि माणसं तो बदलू शकतात. ब्रिटननं ‘सीमारेषेवरचे पदार्थ’ तपासायला एक स्वतंत्र सल्लागार समितीच नेमलेली आहे. कुठला आहारपदार्थ कुठल्या आजारात औषधासारखा मानायचा, हे ती सांगते, आणि मग तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली तीव्र कुपोषित मुलांसाठीचा तयार उपचारात्मक आहार अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत घेतला. तो आहार पाकिटातून सरळ तोंडात जातो, खाण्यासारखाच खातात तो. आणि तो औषधांच्या यादीत आहे, कारण तो नसेल तर मूल मरतं.

तुमची काळजी मला कळत नाही असं नाही. जाहिरातींतल्या उंची वाढवणाऱ्या, बुद्धी वाढवणाऱ्या पावडरींना दार उघडलं, तर योजनेचा पैसा त्यातच जाईल, हे मलाही दिसतं. त्या यादीत घ्याव्यात असं मी म्हणत नाही, उलट त्या घेऊ नयेत असंच म्हणेन. आजारी मुलाच्या आईइतकी सोपी गिऱ्हाईक दुसरी नसते. कुणी काय सुचवेल ते आम्ही घेतो. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली मीही दोन वेळा भलतंच काहीतरी आणलं आणि त्या महिन्यात खरं लागणारं होतं ते कमी पडलं. डॉक्टरांनी सांगितलेलं योजनेतून मिळत असतं, तर इतर बाटल्यांच्या मागे मी गेले नसते. अंधारात चाचपडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. आणि जास्त दिलेलंही बाधतं. अ आणि ड शरीरात साठून त्रास देऊ शकतात, लोह तर लहान मुलाला विषासारखं होऊ शकतं. म्हणून तर म्हणते, हे आमच्या खिशावर आणि अंदाजावर सोडू नका.

माझं मागणं एवढंच, की डब्यावर काय छापलं आहे यावरून ठरवणं थांबवा. मुलाचा आजार निदान झालेला असेल, त्या आजाराच्या तज्ज्ञांनी आणि आहारतज्ज्ञांनी मात्रा आणि मुदत लिहून दिली असेल, आणि तो पदार्थ थांबवल्यावर मुलाची वाढ खुंटत असेल किंवा इजा होत असेल, तर तो उपचार धरा. मुदत संपली की वजन, उंची, रक्ताचा अहवाल मागा. गरज उरली नसेल तर बंद करा. मी स्वतः डबे परत आणून देईन. पण दर तीन महिन्यांनी तोच जन्मभराचा आजार नव्यानं सिद्ध करायला लावू नका. माझ्या मुलीची जनुकं तीन महिन्यांत बदलत नाहीत. मंजुरी येईपर्यंतच्या दिवसांसाठी काहीतरी सोय करा, कारण शरीर मंजुरीची वाट बघत थांबत नाही. आणि डॉक्टरांना आपणहून विचारायला सांगा, ‘लिहून दिलेलं सगळं आणता येतं का?’ आई आपणहून सांगणार नाही. मी सांगितलं नव्हतं.

१९८९ साली जगातल्या राष्ट्रांनी बालहक्कांच्या करारावर सहमती दिली. त्यातल्या २४व्या कलमात आजाराशी आणि कुपोषणाशी लढण्याबद्दल एकाच वाक्यात लिहिलं आहे, आणि त्याच वाक्यात पुरेसं पोषक अन्न देण्याचाही उल्लेख आहे. ते लिहिणाऱ्यांना दोन वेगळ्या ओळी कराव्याशा वाटल्या नाहीत.

नामंजूर झालेल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. मुलीचा वाढीचा तक्ताही जोडला आहे. त्यावर मी पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा केल्या आहेत. जिथे जिथे रेघ खाली वळली आहे, त्या त्या महिन्यात आम्हाला डबा पुरला नव्हता. दवाखान्यातल्या तक्त्यावर या खुणा नाहीत, कारण तिथे कुणाला हे माहीत नाही. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. या वेळी डॉक्टरांनी विचारलं, की मी खरं सांगणार आहे, आणि हाच तक्ता त्यांच्यापुढे ठेवणार आहे. त्याआधी तुमच्याकडून काही कळलं, तर तेही त्यांना दाखवता येईल.

कळावे,

आपली,
एका ९ वर्षांच्या मुलीची आई